कुणी आजारी पडलं नाही, मग?

२०२१च्या सुरुवातीला बाहेरगावी एक छोटी रॅपिड स्पर्धा होती. मी धरणगावला, घरून काम करत होतो. घरात ऐंशी वर्षांची आजी. मी गेलो नाही. जो मित्र गेला, तो पहिला आला. कुणीही आजारी पडलं नाही. मग माझं चुकलं का?

मार्च २०२०मध्ये जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा पुढे ढकला, असं तैमूर रजाबोव म्हणाला. फिडेने ऐकलं नाही, त्याने माघार घेतली. येकातेरिनबर्गमधली ती स्पर्धा सात फेऱ्यांनंतर थांबवावी लागली. उरलेल्या फेऱ्या एप्रिल २०२१मध्ये झाल्या. म्हणजे तो बरोबर ठरला. पण मला वाटतं, स्पर्धा सुरळीत संपली असती तरी तो बरोबरच होता. समोरच्याने चूक केली म्हणून आपली वाईट चाल चांगली होत नाही. खेळताना पटावर जे दिसत होतं, त्यावरूनच ती तोलायची.

शिवाय पटावर मी वजिराचा बळी दिला, तर तो वजीर माझा असतो. घरातली आजी, एसटीत शेजारी बसलेला माणूस, ही माझी प्यादी नव्हेत.

मित्र जिंकला, याचा मला आनंद आहे. त्याची चाल मात्र मी आजही खेळणार नाही.