स्वामित्वाचा भार

मोल देऊन घेतलेली वस्तु खरोखर आपली होते काय? 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 चें विनामूल्य संरक्षण निर्मात्यांनीं थांबविलें, तेव्हां घरांतील धडधाकट संगणकावर परक्याची सत्ता किती, हें उघड झालें. पेनड्राइव्हवरून त्याच यंत्रांत लिनक्स बसवितां येतें. 1991 सालीं लायनस टॉरवाल्ड्स यांनीं आरंभिलेल्या या कृतीची संहिता कोणासही वाचतां व बदलतां येते. परंतु बसवितांना सांठविलेलें सारें पुसलें जाऊं शकतें. त्याची प्रत आधींच काढून ठेवण्याचा भार ज्याचा त्याच्यावर. जिंकणें व राखणें यांतील अंतर आम्हां वसईकरांस नवें नाहीं : 1739 सालीं मराठ्यांनीं जिंकलेला येथील किल्ला 1780 मध्यें इंग्रजांनीं घेतला. स्वातंत्र्याबरोबर येणारा भार जो उचलील, तोच वस्तूचा खरा धनी.