दास्याची हकीकत मुलांस सांगावी काय?

खेड्यांतील पुष्कळ आईबाप आपल्या वाडवडिलांनी जे सोसले ते मुलांपुढे काढीत नाहीत. “पोर आता शाळेत शिकते आहे, जुनी जखम उकरून त्याचे मन कशास दुखवावे?” असे ते म्हणतात. हा प्रश्न मायेतून निघतो, म्हणून त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे बरे नव्हे. तरी आमचे मत असे की, ती हकीकत घरी सांगावी आणि शाळेतही शिकवावी.

हाच प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांपुढे उभा राहिला. त्यांच्या पूर्वजांस आफ्रिकेतून धरून नेऊन विकले. दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामास लिहावाचावयास शिकविणे हाच गुन्हा होता. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण शाळेच्या इतिहासात त्या लोकांस मानाची जागा मिळाली नाही. तेव्हा एके काळी गुलाम असलेल्या आईबापांचे पुत्र कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारीतील एक आठवडा या इतिहासाच्या अध्ययनासाठी ठरविला. १९७६ पासून सबंध महिना पाळला जातो. तरी वाद मिटला नाही. २०२३ साली फ्लोरिडा राज्याने कृष्णवर्णीयांविषयीचा एक अभ्यासक्रम आपल्या शाळांत चालू करू दिला नाही.

ही गोष्ट आम्हांस परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. तेथील गुलाम व येथील शूद्रातिशूद्र यांचे दुःख एकाच जातीचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता मन खचेल या भीतीचा विचार करू. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत मुक्ता साळवे नावाची चौदा वर्षांची मांग मुलगी शिकत होती. तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. आपल्या लोकांचा छळ तिला ठाऊक होता. त्याने तिचे मन खचले नाही. उलट तो जगापुढे मांडावयास तिने लेखणी उचलली. छळाची लाज छळणाऱ्याची असते, सोसणाऱ्याची नव्हे. पण आपण गप्प राहिलो म्हणजे मुलास वाटते की, लपविण्याजोगे काही आपल्याच घरात घडले. आणि दुसऱ्याची लाज त्याच्या माथी बसते.

मात्र केवळ छळच सांगू नये. मुलास फक्त रडगाणे ऐकविले तर आपली माणसे मार खाण्यापुरतीच जन्मली असे त्यास वाटेल. आपल्याच महाराष्ट्रातील मलिक अंबर पाहा. आफ्रिकेतील हबसाण देशात जन्मलेला हा मनुष्य गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. त्याने जमिनीच्या महसुलाची व्यवस्था लावली, खडकी शहर वसविले, तेथे पाण्याचे नहर आणिले, आणि १६२६ साली मरेपर्यंत मोगलांस दक्षिणेत सुखाने बसू दिले नाही. विकला गेला हेही खरे, आणि राज्य चालविले हेही खरे. दोन्ही सांगितले तरच तो इतिहास पुरा.

ही हकीकत कोणी ऐकावी? ज्यांनी सोसले त्यांच्याच मुलांनी ऐकली तर तीतून कुढणे उपजेल. इतरांच्या मुलांनी ऐकलीच नाही तर त्यांस आपल्या पूर्वजांचा अन्याय कधी कळणार नाही. सर्वांनी ती एकत्र ऐकावी. आमची बिद्री ज्या कागल तालुक्यात आहे, त्या कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढिला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एका शाळेत बसविण्याची आज्ञा दिली. बाक एक झाले. त्या बाकावर शिकविला जाणारा इतिहासही सर्वांचा असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

यास सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. बंधुभगिनींनो, गावातील वडील माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. कोणत्या विहिरीवर पाणी मिळत नसे, शाळेत कोठे बसवीत, पहिले अक्षर कोणी शिकविले, हे विचारून वहीत उतरून ठेवा, आणि मुलांकडून ते मोठ्याने वाचवून घ्या. द्वेष न शिकविताही सत्य शिकविता येते. पण सत्य लपवून शिकविलेला सलोखा फार दिवस टिकत नाही.