समदृष्टी आणि काळी पट्टी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ निद्रेत असता, किल्लारी-सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे भूकंपाने कोसळली आणि हजारो माणसे अंथरुणातच गतप्राण झाली. ईश्वराने असे का घडू द्यावे, हा प्रश्न तत्त्वचिंतक पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आले आहेत. परंतु तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात, डॉक्टर येऊन पोहोचेपर्यंत रात्रपाळीचा सारा भार जिच्या शिरावर असतो, त्या परिचारिकेपुढचा प्रश्न मला त्याहून दारुण वाटतो. दारात एकाच वेळी वीस जखमी आले असता तिने आधी कोणाकडे वळावे?

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने, हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून उपचारांचा क्रम लावण्याचा प्रघात पाडला. त्याच परंपरेतून आज जखमींना रंगीत पट्ट्या बांधतात: लाल म्हणजे तात्काळ उपचार हवेत असा, पिवळी म्हणजे थोडा विलंब सोसू शकेल असा, हिरवी म्हणजे स्वतः चालू शकणारा, आणि काळी म्हणजे मृत, किंवा हाताशी असलेल्या साधनांनी वाचविता न येणारा. या अखेरच्या पट्टीपाशी धर्मबुद्धी अडखळते. सर्वांभूती एकच आत्मा पाहावा असे ज्या समाजाने शिकविले, त्यातील स्त्रीने श्वास चालू असलेल्या माणसाला ओलांडून पुढे जावे काय?

खेड्यात तर तो माणूस बहुधा तिच्या ओळखीचा असतो. कोणाच्या बाळंतपणाला ती रात्रभर जागलेली असते, कोणाच्या लेकराला तिने लस टोचलेली असते, आणि क्वचित स्ट्रेचरवर तिचा सख्खा भाऊही असतो. स्वजनांना समोर पाहून अर्जुनाचे गांडीव गळाले, तेव्हा त्याला शंका विचारावयास अवसर होता आणि उत्तर देणारा सारथी होता. हिला दोन्ही नाहीत. म्हणून तिचा संवाद आपत्तीपूर्वीच, शांत दिवशी, सहकाऱ्यांसमवेत झाला पाहिजे, आणि आपत्तीच्या रंगीत तालमीला मी जे नैतिक मोल देतो ते याचसाठी. क्रम आधी ठरलेला असला म्हणजे आप्त आणि परका यांतील निवड तिच्या एकटीच्या ममतेवर पडत नाही. आणि तो क्रम वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीच्या लेखी हुकुमाने ठरलेला असला, तर मागाहून चौकशीत कैफियत देण्याची पाळी तिच्या एकटीवर येत नाही.

अशुभाची तजवीज करणे म्हणजे प्रारब्धावर अविश्वास, असे काही भाविक मानतात. भूकंप प्रारब्धाने येत असेल. सलाइनचा साठा मात्र प्रारब्धाने संपत नाही.

तरीही काळ्या पट्टीचा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक तालमी नेमक्या तेथेच थांबतात याचे मला दुःख होते. ज्याला वाचविता येत नाही त्याच्या वेदना शमविणे, त्याचा हात धरून बसणे, हेही कोणाच्या तरी नावे नेमून दिलेले काम असावे; ते गावातल्या एखाद्या वारकऱ्याला किंवा आशाताईलाही शिकविता येईल. शिवाय जिल्ह्याहून कुमक आली की ज्यांचा श्वास चालू आहे अशा प्रत्येकाची पुन्हा तपासणी व्हावी, कारण तासाभरापूर्वी ज्याला काळी पट्टी बांधली, तो आता लाल पट्टीचा असू शकतो.