परदेशातील निकाह आणि परतण्याचा शब्द



कोल्हापूरच्या मुस्लिम घरांतील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी अमेरिकेपर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यांतील काही, विशेषतः पुढील प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, ‘जे-१’ या देवाणघेवाण व्हिसावर जातात. येथे शिकावे आणि शिकलेले आपल्या देशी न्यावे, असा या व्हिसाचा हेतू. अशा तात्पुरत्या वास्तव्यात तेथील नागरिक असलेल्या मुलीशी वा मुलाशी निकाह ठरतो, तेव्हा घरच्यांना वाटते की परतण्याचे बंधन आता आपोआप सुटले.

कायद्याने ते सुटत नाही. ज्यांच्यावर दोन वर्षांची अट आहे, त्यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यापूर्वी मायदेशी दोन वर्षे राहावे लागते किंवा सूट मिळवावी लागते. पत्नी वा पती नागरिक असल्यास, आपल्या जाण्याने त्यांच्यावर असाधारण संकट येईल, असे सिद्ध करता येते. केवळ विरहाचे दुःख तेथे पुरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कौशल्य यादीतून भारताचे नाव वगळल्याने अनेकांची अट गेली. परंतु सरकारी पैशावर गेलेले आणि वैद्यकीय प्रशिक्षण घेणारे अद्याप तिने बांधलेले आहेत.

हा झाला वकिलांचा विषय. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे: आधी दिलेला शब्द आणि नंतर जुळलेले नाते, यांपैकी कोणाचा हक्क मोठा?

या व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टरसाठी मायदेशाच्या सरकारचे पत्र लागते. या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि प्रशिक्षणानंतर परतण्याची लेखी हमी या उमेदवाराने दिली आहे, असा त्याचा आशय असतो. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. समोरचा पक्ष मुस्लिम नसेल तर ती लागू नाही, अशी सवलत तेथे नाही. हिजरी सन ६ मधील हुदैबियाचा प्रसंग आपण सर्व जाणतो. तह लिहिला जात असतानाच हजरत अबू जंदल (रजि.) साखळदंडांसह मुस्लिमांच्या आश्रयाला आले. कुरैशांच्या वतीने बोलणी करणारे सुहैल हे त्यांचेच वडील. सहाबांची हृदये पिळवटून निघाली, तरी प्रेषितांनी (स.) दिलेला शब्द पाळला आणि अबू जंदल यांना धीर धरण्यास सांगून परत पाठवले. इतक्या वेदनेपुढे जो शब्द मोडला नाही, तो आपण चांगल्या पगारासाठी मोडावा काय?

आता दुसरी बाजू. निकाह हाही करारच आहे, आणि कुरआनने सूरह निसामध्ये (आयत २१) त्याला ‘मीसाक-ए-गलीज’, म्हणजे पक्के वचन म्हटले आहे. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या, सहीह बुखारीच्या आरंभीच्या हदीसमध्ये निय्यतीचे उदाहरण हिजरतीचेच आहे. एखाद्या स्त्रीशी विवाह करण्यासाठी कोणी हिजरत केली, तर त्याची हिजरत तेवढ्यासाठीच गणली जाईल. आज कधीकधी उलटे घडते: स्थलांतर साधावे म्हणून विवाह केला जातो. कागद हाती येताच तलाक द्यायचा, असे मनात ठरलेले असते. असे तरुण फिकहचा आधार शोधतात. मुदत बोलून दाखवली नसेल तर असा निकाह बहुतेक फुकहांच्या मते वैध ठरतो, हे इब्न कुदामा यांनी नोंदवले आहे. त्याचबरोबर इमाम औजाई यांनी त्याला मुताच मानले, हेही त्यांनीच सांगितले आहे. पण करार वैध ठरला म्हणून फसवणूक हलाल होत नाही. जिला वाटले की हा मला मागतो आहे, तिच्याकडून याने केवळ सही मागितलेली असते. अशा बनावट विवाहाला अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे आणि पुढे विवाहाच्या आधारे तेथे स्थायिक होण्याचा मार्गही बंद होतो. ती शिक्षा नसती, तरी त्या मुलीचा हिशेब आखिरतमध्ये उरलाच असता.

खऱ्या मनाने केलेला निकाह मात्र गुन्हा नव्हे, आणि उघडपणे मागितलेली सूट वचनभंग नव्हे. ज्याने शब्द घेतला, तो मोकळे करू शकतो. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करून सूट मिळते, तीही कायद्याचीच वाट आहे. तरीही, माझ्या मते, अमेरिकेने मोकळे केले म्हणजे कोल्हापूरनेही केले, असे होत नाही. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने येथे मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, ते शिकलेली मुले समाजाच्या कामी यावीत म्हणूनच. ही अमानत आहे. परतून फेडता आली नाही तर दुरून फेडावी, पण फेडावी.

आणि दोन वर्षे म्हणजे फार मोठा काळ नाही. नागरिक असलेली पत्नीही पतीबरोबर येथे येऊन राहू शकते. तांबड्या-पांढऱ्या रश्शाची सवय व्हायला त्याहून कमी दिवस पुरतात! मात्र हे तिला निकाहापूर्वी ठाऊक हवे. मेहर ठरवायला वडीलधारे बसतात, त्याच बैठकीत मुलाने आपला पासपोर्ट उघडावा. व्हिसाच्या चिठ्ठीवर दोन वर्षांचा नियम लागू आहे की नाही, याची नोंद असते. ती ओळ मुलीच्या वलींना वाचून दाखवावी, आणि तिचा अर्थ मुलीला तिच्या भाषेत सांगावा.