फाटक उघडल्यानंतर

दर १४ एप्रिलला इंदूरजवळच्या राऊ सर्कलवरून निळ्या झेंड्यांच्या गाड्या महूकडे, बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मगावी, जातात. खानदेशातल्या, विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या. त्याच राऊत टेकडीवर आयआयएम उभी आहे. देशातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास समजून घ्यायला दुसरीकडे जायची गरज पडू नये.

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे फाटक येतं. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून द्यायला सैन्य आणावं लागलं; दंगलीत दोन माणसं मेली. ‘आपल्याकडे निदान असलं झालं नाही,’ हे मग कुणीतरी म्हणतंच. झालं नाही, कारण कागदावर आपलं फाटक फार आधी उघडलं होतं. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. मुंबई सरकारने अन्याय मान्य केला आणि हातही झटकले: एका मुलासाठी बाकीच्यांना शाळा निरुपयोगी कशी करायची? वरून कानउघाडणी झाली आणि १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं जाहीर झालं. मुंबई विद्यापीठ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं.

मग पुढचं सगळं आत घडलं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी भीमराव आंबेडकरांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून पोरं ते उचलायला धावली. प्रवेश होता, हजेरीपटावर नाव होतं, गणितही येत होतं. कोलंबियाला शिकून आलेला हाच माणूस १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाला, तेव्हा सहकाऱ्यांचा आक्षेप होता पाण्याच्या भांड्यावर. तिकडे मेरेडिथचंही वेगळं नव्हतं. सैन्याने त्याला वर्गापर्यंत पोहोचवलं. मेसमध्ये मुलं त्याच्याकडे पाठ फिरवत, त्याला सैन्य काय करणार?

बाबासाहेबांनी हे पुरतं ओळखलं होतं, म्हणूनच १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. प्राध्यापक कोण नेमायचे, वसतिगृह कसं चालवायचं, हे ठरवणं आपल्या हाती असावं, हा त्यातला खरा मुद्दा मला वाटतो. त्याच शहरातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. दलित मुलं त्या विद्यापीठात शिकतच होती. त्याला कुणी आग लावली नव्हती. पदवीच्या कागदावर त्यांच्या माणसाचं नाव येणं मात्र सोसवेना. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, तोही ‘मराठवाडा’ शब्द राखून.

आता पुन्हा राऊ. २००६च्या कायद्याने केंद्रीय संस्थांत ओबीसींनाही प्रवेशात आरक्षण मिळालं. २०१९च्या कायद्याने तेच तत्त्व अध्यापकांच्या नेमणुकांना लागू झालं. त्यातून सूट मिळावी, अशी मागणी आयआयएमांकडून झाली. कारण नेहमीचंच, गुणवत्ता. ते प्रामाणिक मानलं तरी एक हिशेब लागत नाही. वर्षानुवर्षं याच वर्गांतून अनुसूचित जाती-जमातींची मुलं बाहेर पडताहेत, बँका आणि कंपन्या त्यांच्या हाती देतो आपण. फळ्यासमोर उभं राहायला त्यांच्यातली पुरेशी माणसं मिळत नसतील, तर त्यांना शिकवलं कुणी आणि कसं, हे संस्थेने आधी सांगावं; सूट नंतर मागावी.