उपाशी माणसापुढे कविता

शेजारी उपाशी असताना कविता लिहिणे योग्य आहे काय? हा प्रश्न बहुधा पोट भरलेली माणसेच विचारतात. बंगाली कवी सुकांत भट्टाचार्य यांचे आयुष्य या प्रश्नाला निराळ्या बाजूने भिडते.

१५ ऑगस्ट १९२६ रोजी कोलकात्यात जन्मलेला हा मुलगा १९४३च्या बंगाल दुष्काळात सतरा वर्षांचा झाला. त्या दुष्काळाने आणि मागोमाग आलेल्या रोगराईने वीस ते तीस लाख माणसांचा बळी घेतला, असा अंदाज आहे. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ युद्धामुळे बंद झाला होता. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या होत्या. भाव भडकले होते. तरीही खरी उणीव धान्याची कमी आणि ते विकत घेण्याच्या ऐपतीची अधिक होती, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. कोलकात्याच्या पदपथांवर खेड्यांतून आलेली माणसे मरत होती आणि त्यांच्यामधून वाट काढीत इतर माणसे कामावर जात होती.

वाटीभर पेज भुकेल्याचा आजचा दिवस तारते. परंतु त्याला ओलांडून जाणाऱ्या डोळ्यांचे काय करावे? १९४४ साली सुकांतने फॅसिस्टविरोधी लेखक-कलावंत संघासाठी ‘अकाल’ हा कवितासंग्रह संपादित केला, तो या डोळ्यांसाठीच, असे मला वाटते. त्याच वर्षी तो कम्युनिस्ट पक्षात गेला. त्याची विचारसरणी आम्हां धर्मगुरूंना पटणारी नव्हे. पण भुकेल्याला त्याने आकडा मानले नाही, एवढे म्हणण्यास ती आड येऊ नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पक्षाची कामे, ‘किशोर वाहिनी’ ही मुलांची संघटना, १९४६पासून ‘स्वाधीनता’ दैनिकातील किशोरांचा विभाग, आणि या साऱ्यावर कविता. आधी मलेरियाने, मग क्षयाने त्याला गाठले. १३ मे १९४७ रोजी जादवपूरच्या क्षय रुग्णालयात तो वारला. वय अवघे वीस. शरीर ही देवाने दिलेली ठेव, असे आपण शिकवतो, आणि ते झिजविणाऱ्याचा गौरवही आपणच करतो. तरुणाचा त्याग वडीलधाऱ्यांना फार सोयीचा असतो. आपल्या धर्मग्रामातील युवकांकडून रात्री उशिरापर्यंत कामे करून घेताना, ‘बाळा, जेवलास का?’ असे आपल्यापैकी किती जण विचारतात?

‘छाडपत्र’ हा त्याचा कवितासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी तो एकवीस वर्षांचा झाला असता.