शेत चालत नाही, फ्लॅट चालतो

वऱ्हाडातल्या कारंजा तालुक्यात कामरगावासारख्या गावातून अमेरिकेला जायची वाट सहसा ठरलेली असते. आधी कारंजा, मग अमरावती किंवा शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज, पुढे पुण्यात हिंजवडीची नोकरी, आणि काही वर्षं राबल्यावर कंपनीने दिलेलं ऑनसाइट. या वाटेचं मोठेपण असं, की तिच्यासाठी बापाला वावर विकावं लागत नव्हतं. अर्ज कंपनीचा, फी कंपनीची. सोयाबीन-कपाशीवर चालणाऱ्या घरातल्या पोराला काम चोख येत असलं की पुरे होतं.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नेमकी हीच वाट अडवली. कुशल कामगारांच्या नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जामागे एक लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावाने ही रक्कम सोळाशे क्विंटलांच्या वर जाते. पैसे कंपनीनेच भरायचे आहेत, पण चार-पाच वर्षांच्या अनुभवाच्या मुलासाठी एवढी रक्कम कोण मोजणार?

पहिल्या दोन दिवसांचा गोंधळ सगळ्यांनी पाहिला. सुटीवर आलेली माणसं घाईघाईने परत निघाली. मग जुन्या व्हिसाधारकांना हे लागू नाही, असा खुलासा आला आणि चर्चा निवली. ऑक्टोबरात आणखी एक खुलासा आला, त्याकडे मात्र आपलं पुरेसं लक्ष गेलं नाही. अमेरिकेत शिकत असलेला विद्यार्थी तिथल्या तिथे एच-१बी घेत असेल, तर ही रक्कम माफ. म्हणजे इथून हुन्नराच्या बळावर निघालेल्याला अडवलं, आणि आधी तिथे जाऊन एमएस करण्याइतका पैसा ज्याला उभा करता येतो त्याला वाट मोकळी ठेवली.

तो पैसा येतो कुठून? अनेकांच्या बाबतीत कर्जातून. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकलं तर त्या कायद्याने बँकेला ती जप्त करता येत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेली ही तरतूद मला योग्यच वाटते. पण तिच्यामुळे परदेशी शिक्षणाच्या कर्जाला शेत सहसा चालत नाही, शहरातला फ्लॅट चालतो. दहा एकरांचा मालक बँकेच्या टेबलापुढे रिकाम्या हातांचा ठरतो. एक आदेश वॉशिंग्टनचा, एक कायदा दिल्लीचा. एकमेकांशी काही संबंध नसताना दोन्ही मिळून वऱ्हाडातल्या एकाच घरावर येऊन पडतात.

आपल्या देशात कोणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क अमेरिकेचा आहे, याबद्दल माझा वाद नाही. एच-१बीचा वापर करून स्वस्तात माणसं राबवली गेली, ही तिथल्या कामगारांची तक्रारही खोटी नाही. म्हणून पगाराची पातळी पाहून एच-१बीच्या लॉटरीत वजन देण्याचा नियम मी समजू शकतो, जरी सर्वांत वरच्या पातळीला चार संधी आणि सर्वांत खालच्या पातळीला एक, हे गणित नवख्यांना मागे ढकलणारं असलं तरी. पण शुल्काची भिंत वेगळी. १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्याची मुभा होती. १९६५ मध्ये मूळ देश पाहून ठरणारी ती कोटा पद्धत मोडली आणि हुन्नराला किंमत आली. पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी मराठी घरांचं आयुष्य त्याने बदललं. आता हुन्नराच्या आधी ऐपत विचारली जाते आहे.

कडक नियम गरिबाच्या विरोधातच असतो असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने तिथल्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तिथली अट जर्मन भाषेची आहे आणि ती सोपी नाही. पण आयटीआयचा वायरमन किंवा नर्सिंग केलेली मुलगी रात्री जागून ती पुरी करू शकते. मात्र भाषेचे वर्ग पुण्या-नागपुरातच राहिले, तर कामरगावच्या पोरीला खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च आधी उभा करावा लागेल. हे वर्ग कारंजापर्यंत आणणं राज्य सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही परक्या देशाची परवानगी लागत नाही.